न्यूयॉर्कमधील पहिले आठवडे : भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील एक पर्व

परदेशी जाऊन विद्या संपादन करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या. १९०६ साली श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. १९१० साली धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले. या तिघांची नावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशी तीन वेगवेगळ्या नात्यांनी जोडलेली आहेत. आनंदीबाईंच्या जीवनाने मराठीला चरित्र दिले आणि कादंबरीही दिली. केतकरांनी ज्ञानकोश आणि कादंबऱ्या दिल्या. कोसंबींनी बौद्ध विद्येचा पाया घातला आणि आत्मकथनही लिहिले. याच परंपरेत जुलै १९१३ मध्ये आणखी एक विद्यार्थी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. वय बावीस वर्षे.

आंबेडकरांच्या चरित्रकारांनी अमेरिकेतील वास्तव्याचा वृत्तान्त आदराने सांगितला आहे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या बृहच्चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली आणि मराठी चरित्र १९६६ साली आले. या चरित्रांमुळे वाचकांच्या मनावर जे चित्र ठसले ते मुख्यत्वे ग्रंथालयात बसलेल्या, अठरा अठरा तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे होय. ते चित्र खोटे नाही. परंतु त्या चित्राआधी काही आठवडे, काही महिने असे आहेत की ज्यांत हा विद्यार्थी अद्याप अभ्यासाला लागलेला नाही. तो नव्या शहरात राहण्याची जागा शोधतो आहे, जेवणाची सोय लावतो आहे, भटकतो आहे, घरच्या माणसांना पत्रे लिहितो आहे. पुढील जीवनकार्याच्या भव्यतेपुढे हा काळ किरकोळ वाटतो. तथापि आंबेडकरांच्या विचारातील समतेची कल्पना ग्रंथांतून येण्यापूर्वी अनुभवातून कशी आली, हे पाहावयाचे असेल तर या आठवड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

१. प्रस्थानापूर्वी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण सातारा आणि मुंबई येथे गेले. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. त्यामुळे घरात विद्येला मान होता. मात्र घराबाहेर त्या विद्येला जातीने घातलेली कुंपणे होती. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून दिल्याशिवाय पाणी पिता येत नसे. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्टेशनवरून गोरेगावकडे निघालेल्या भावंडांना गाडीवानाने जात कळताच गाडीत घेण्याचे नाकारले, दुप्पट भाडे घेऊन गाडी भावंडांनीच हाकावी असे ठरले, आणि रात्रभर पाण्यावाचून प्रवास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असतानाही कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे.

या कुंपणांतून वाट काढून देणारी माणसेही होती. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांच्याच मध्यस्थीने बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत, पहाटे दोन वाजता वडिलांनी उठवावे आणि दिव्याच्या उजेडात मुलाने वाचावे, अशा रीतीने हा अभ्यास झाला. बी. ए. झाल्यावर भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. ज्या माणसाने मुलाच्या शिक्षणाचा ध्यास घेतला होता, त्याला त्या मुलाचे समुद्रापार जाणे पाहता आले नाही.

२. शिष्यवृत्ती आणि राजाश्रय

सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. भीमरावांची त्यासाठी निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारपत्रावर सह्या झाल्या. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे ५६ डॉलर, म्हणजे साधारण १७२ रुपये होते. कॉलेजच्या दिवसांतील २५ रुपयांच्या तुलनेत ती मोठी दिसते. परंतु तीतून न्यूयॉर्कसारख्या शहरात राहणे, खाणे, पुस्तके घेणे आणि मुंबईस घरी काही पाठविणे एवढे सर्व भागवावयाचे होते. घरी पत्नी रमाबाई आणि डिसेंबर १९१२ मध्ये जन्मलेला यशवंत हे होते. कमावता वडीलधारा माणूस गेलेला होता.

या शिष्यवृत्तीचे ऐतिहासिक स्थान समजण्यासाठी त्या काळच्या विदर्भाकडे पाहणे उद्बोधक ठरते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. त्यानंतर सक्करदऱ्याला भोसल्यांचा वाडा राहिला, राजघराण्याचा लौकिक राहिला. परंतु विद्यार्थ्याला परदेशी पाठवू शकेल असे संस्थान आणि त्याचा शिक्षणविभाग राहिला नव्हता. नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये होती, पण ती अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूर विद्यापीठाची स्थापना पुढे १९२३ साली झाली. अस्पृश्य वस्त्यांत किसन फागूजी बनसोडे यांच्यासारखे कार्यकर्ते शाळा आणि वृत्तपत्रे काढून अक्षरओळखीसाठी झगडत होते. अशा स्थितीत वैदर्भीय महार मुलाने कितीही बुद्धिमत्ता दाखविली असती, तरी त्याच्यासाठी कोलंबियाचे दार उघडणारा हात जवळ नव्हता. भीमरावांना तो हात मिळाला, यात त्यांच्या कर्तृत्वाइतकाच योगायोगाचाही भाग होता. आपण अपवाद आहोत आणि अपवादाच्या आधारे समाज उभा राहत नाही, ही जाणीव पुढे त्यांच्या शैक्षणिक धोरणात सातत्याने दिसते. तिचे मूळ येथे आहे.

३. शहर आणि निवास

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. शहर त्या वर्षी स्वतःच नवे होत होते. फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल हे भव्य रेल्वेस्थानक खुले झाले होते; एप्रिलमध्ये वूलवर्थ इमारतीचे उद्घाटन झाले होते आणि ती जगातील सर्वांत उंच इमारत ठरली होती. भुयारी रेल्वे १९०४ पासून धावत होती व तिचे एक स्थानक थेट विद्यापीठाच्या दाराशी होते. कोलंबिया विद्यापीठ मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागातील मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर वसलेले. पश्चिमेस हडसन नदी, पूर्वेस उताराखाली हार्लेम. १७५४ साली किंग्ज कॉलेज या नावाने स्थापन झालेली ही संस्था निकोलस मरे बटलर यांच्या अध्यक्षपदाच्या काळात अमेरिकेतील अग्रगण्य विद्यापीठांत गणली जात होती.

विद्यापीठाचे नियमित सत्र सप्टेंबरअखेर सुरू होणार होते. म्हणजे उन्हाळ्याचे कित्येक आठवडे हाताशी होते. आरंभी भीमराव हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. गोमांसाचे पदार्थ आणि तेथील पाकपद्धती यांची सवय नव्हती. म्हणून थोड्याच दिवसांत ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले. तेथे विविध देशांचे विद्यार्थी राहत आणि त्यांत काही भारतीयही होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांनी मुक्काम हलविला. तेथे नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती झाले. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी भथेनांनी पैशाचे साहाय्यही केले.

तीन निवासस्थानांचा हा तपशील चरित्रांत एखाद्या परिच्छेदात संपतो. परंतु तो आनंदीबाईंच्या वृत्तान्ताशेजारी ठेवून पाहिला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. आनंदीबाईंसमोर परदेशात पहिला प्रश्न होता तो काय जपावयाचे हा. शाकाहार जपावयाचा, नऊवारी लुगडे जपावयाचे, हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणून परत यावयाचे, असा त्यांचा जाहीर निश्चय होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत धूर कोंडणाऱ्या खोलीत त्यांनी हा निश्चय पाळला आणि त्याची किंमत प्रकृतीने मोजली. उच्चवर्णीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने समुद्र ओलांडणे ही जातीतून ढळण्याची शक्यता होती. म्हणून अन्न, वस्त्र आणि पुढे प्रायश्चित्त यांना त्याच्या परदेशी जीवनात मध्यवर्ती स्थान मिळे. भीमरावांसमोर हा प्रश्न अशा स्वरूपात उभाच नव्हता. हार्टली हॉलमधील अन्न त्यांना नकोसे झाले ते रुचीमुळे आणि सवयीमुळे. स्पर्शाने बाटण्याच्या भीतीमुळे नव्हे. ज्याला जातीने मानाचे काही दिलेच नव्हते, त्याला समुद्र ओलांडताना जातीचे काही गमावण्याचे भय नव्हते. पूर्वीच्या मराठी विद्यार्थ्यांच्या वृत्तान्तांत जो धार्मिक ताण आढळतो, तो येथे आढळत नाही. त्याच्या जागी वेगळीच एक घटना घडत होती.

ती घटना अत्यंत साधी होती. एकाच मेजावर सर्वांनी जेवावयाचे. एकाच खोलीत दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याबरोबर राहावयाचे. नळाखाली पेला धरला की पाणी मिळते. खानावळीत पैसे दिले की वाढणारा जात विचारीत नाही. शेजारी बसणाऱ्याला या गोष्टींत काही विशेष वाटत नव्हते. तरटाच्या तुकड्यावर बसून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र हा प्रत्येक क्षण नवा होता. समतेचे तत्त्वज्ञान त्यांनी पुढे वर्गात ऐकले. समतेची सवय त्याआधी जेवणाच्या मेजावर लागली. सवय ही तत्त्वापेक्षा खोलवर रुजते आणि ती मोडली गेली म्हणजे होणारी वेदनाही अधिक तीव्र असते. पुढे बडोद्यात याची प्रचीती आली.

४. ऑगस्टमधील एक पत्र

न्यूयॉर्कला पोहोचून दोन आठवडे होतात न होतात तोच, ऑगस्ट १९१३ च्या प्रारंभी, भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला इंग्रजीत पत्र लिहिले. नवख्या प्रवाशाने आगबोटीची, उंच इमारतींची आणि हवापाण्याची वर्णने करावीत अशी अपेक्षा असते. या पत्राचा प्राण वेगळा आहे. आईबाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचे कर्म देऊ शकत नाहीत, ही रूढ समजूत आता टाकून दिली पाहिजे. मुलांचे भवितव्य घडविणे आईबापांच्या हाती आहे. मुलांबरोबर मुलींचेही शिक्षण झाले तर समाजाची प्रगती वेगाने होईल. आणि जे आपल्या निकटच्या संबंधात आहेत त्यांच्यापासून या प्रचाराला आरंभ करावा, असा त्याचा आशय आहे. शेक्सपिअरच्या नाटकातील संधीच्या भरतीविषयीच्या विचाराचाही त्यात आधार घेतलेला आहे.

या पत्राचे महत्त्व तीन अंगांनी आहे. पहिले असे की, कर्म आणि दैव यांच्याविषयीचा आंबेडकरांचा विरोध ही प्रौढ वयातील बौद्ध अध्ययनाची निष्पत्ती आहे असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. पण कर्म ही पूर्वजन्माची देणगी नसून ते माणसाच्या हातचे आहे, हा विचार बाविसाव्या वर्षीच स्पष्टपणे आलेला दिसतो. दुसरे असे की, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार हा त्यांच्या चळवळीच्या नंतरच्या टप्प्यावर जोडलेला विषय नव्हे. महाडच्या परिषदेत १९२७ साली स्त्रियांना उद्देशून केलेले मार्गदर्शन आणि पुढे हिंदू कोड बिलासाठी दिलेला लढा यांची बीजे या पत्रात आहेत. तिसरे अंग अधिक सूक्ष्म आहे. पत्र लिहिणाऱ्याचे वडील नुकतेच, सहा महिन्यांपूर्वी, निवर्तले होते. आईबापच मुलाचे भवितव्य घडवितात हे वाक्य लिहिताना त्याच्यासमोर पहाटे दोनला उठविणारे रामजी सुभेदार असलेच पाहिजेत. वडिलांचे नाव न घेता त्यांना वाहिलेली ही श्रद्धांजली होय. पत्राचा सूर सिद्धान्ताचा, पण त्यामागील अनुभव पुत्राचा आहे.

५. भटकंती आणि निश्चय

चरित्रकारांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे की, आरंभीच्या काळात भीमरावांचे अभ्यासाकडे फारसे लक्ष नव्हते. नवे शहर, नवे मित्र, वडीलधाऱ्यांचा धाक नाही आणि जातीची नजरही नाही. रात्री उशिरापर्यंत मित्रांत रमावे, हिंडावे, असे काही महिने गेले. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत हा काळ चुकल्यासारखा, पश्चात्तापाच्या प्रस्तावनेसारखा येतो. एका रात्री ते जागे राहिले, घरच्यांच्या हालअपेष्टा आणि स्वतःवरील जबाबदारी त्यांना आठवली आणि त्यांनी वेळ न दवडण्याचा निश्चय केला, अशी कथा मग सांगितली जाते.

या भटकंतीचा अर्थ केवळ उनाडपणा असा लावणे योग्य ठरणार नाही. ज्या तरुणाला त्याच्या देशात कोणत्याही रस्त्यावरून निर्धास्त चालता आले नव्हते, कोणत्या विहिरीजवळ जावे आणि कोणत्या दाराशी थांबावे याचा हिशेब ज्याला बालपणापासून करावा लागला होता, त्याला एका महानगरात अनामिक होऊन हिंडता येणे ही स्वतःच एक प्रकारची शिक्षा, म्हणजे शिकवण होती. पुढे खेडे आणि शहर यांच्याविषयीचे आंबेडकरांचे मत प्रसिद्ध झाले. खेड्याचा गौरव करणाऱ्या समकालीन विचारप्रवाहाला त्यांनी तीव्र विरोध केला आणि अस्पृश्यांना शहराकडे जाण्याचा मार्ग दाखविला. या मताची सामाजिक कारणे त्यांनी तर्काने मांडली आहेत. परंतु शहरात माणसाची ओळख त्याच्या नावागावावरून लगेच ठरत नाही, हा त्या तर्कामागचा अनुभव प्रथम मुंबईने आणि मग अधिक निर्णायकपणे न्यूयॉर्कने दिलेला होता.

निश्चयानंतर मात्र त्यांच्या दिनक्रमात विलक्षण काटेकोरपणा आला. जेवणाचा खर्च आवरता घेतला. कॉफीचा पेला, दोन मफिन आणि मांस वा मासळीचा एखादा पदार्थ एवढ्यावर भागविले. वाचविलेल्या पैशातून घरी रक्कम पाठविली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले. तीन वर्षांत जमलेल्या ग्रंथांची संख्या सुमारे दोन हजार झाली. विद्यापीठातील नोंदीनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले; शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचा प्रत्येकी एक. १९१५ साली ते एम. ए. झाले. लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले तेव्हा त्यांनी या विद्यार्थ्याला राजकीय चळवळीत ओढण्याचा प्रयत्न केला. परंतु शिक्षण पूर्ण होईपर्यंत अन्यत्र लक्ष न देण्याचा निर्धार कायम राहिला.

६. विद्यापीठातील वारे

भीमराव ज्या शरदात वर्गात बसू लागले तो अमेरिकेच्या आर्थिक आणि राजकीय इतिहासातील महत्त्वाचा काळ होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये अमेरिकी संविधानाची सोळावी दुरुस्ती संमत होऊन केंद्र सरकारला प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार मिळाला. ऑक्टोबरमध्ये तसा कायदा झाला. डिसेंबरमध्ये फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकव्यवस्था निर्माण करणारा कायदा संमत झाला. प्राप्तिकरावर १९११ साली ग्रंथ लिहिणारे एडविन सेलिग्मन हे कोलंबियात सार्वजनिक अर्थकारण शिकवीत होते आणि तेच भीमरावांचे मार्गदर्शक झाले. अमेरिकी संविधानाची आर्थिक मीमांसा करणारा चार्ल्स बिअर्ड यांचा वादग्रस्त ग्रंथ याच वर्षी प्रसिद्ध झाला. बिअर्डही तेव्हा कोलंबियात अध्यापन करीत होते. जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवीत. त्यांचा लोकशाही आणि शिक्षण यांविषयीचा ग्रंथ १९१६ साली बाहेर पडला.

कर कोणी द्यावा, चलन कोणी नियंत्रित करावे, केंद्र आणि प्रांत यांच्या अर्थव्यवस्थेचे नाते कसे असावे, संविधानामागे कोणाचे हितसंबंध असतात, लोकशाही ही शासनपद्धती आहे की सहजीवनाची रीत आहे, हे प्रश्न त्या वर्षी केवळ पुस्तकात नव्हते. ते वर्तमानपत्रांत आणि वर्गांत एकाच वेळी चर्चिले जात होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील आंबेडकरांचा प्रबंध (प्रकाशन १९२५, सेलिग्मन यांच्या प्रास्ताविकासह), रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ आणि पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, या सर्वांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता त्यांतील अंतःसूत्र ध्यानी येते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एक दुवा विशेष महत्त्वाचा वाटेल. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफिल्ड आणि रिस्ले यांच्याबरोबर त्यांनी केतकरांच्या जातिविषयक व्याख्येचाही परामर्श घेतला. जात ही एकेकटी वस्तू नसून व्यवस्थेतील घटक आहे, हे केतकरांनी ओळखले याचे श्रेय त्यांना दिले आणि त्यांच्या व्याख्येतील उणीवही दाखविली. केतकरांचा तो ग्रंथ १९०९ साली, कॉर्नेलच्या वास्तव्यात, न्यूयॉर्क राज्यातीलच इथाका येथे सिद्ध झालेला होता. अमरावतीस शिकलेला आणि पुढे नागपुरात ज्ञानकोशाचा उद्योग आरंभणारा एक मराठी विद्वान, आणि मुंबईच्या चाळीतून आलेला दुसरा मराठी विद्यार्थी, यांचा जातिसंस्थेविषयीचा पहिला वैचारिक संवाद अशा रीतीने अमेरिकेच्या भूमीवर, इंग्रजी भाषेत घडला. तो महाराष्ट्रात, मराठीत, एकाच मेजाभोवती बसून त्या काळी घडू शकला असता काय, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

७. अनुभवाची मर्यादा

न्यूयॉर्कच्या अनुभवाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. विद्यापीठाच्या टेकडीखालील हार्लेममध्ये त्याच दशकात कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती आणि ती वाढण्यामागे घरे नाकारली जाण्याचा इतिहास होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना याच शहरात १९०९ साली स्थापन झाली होती. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत, १९१३ सालीच, वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्यास आरंभ झाला. ज्या देशाने एका अस्पृश्य विद्यार्थ्याला मेजावर जागा दिली, त्याच देशाने स्वतःच्या लक्षावधी नागरिकांसाठी वेगळी मेजे मांडली होती.

आंबेडकरांच्या पुढील लेखनात गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना वारंवार येते आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. अमेरिकेने त्यांना समता पुरविली असे म्हणण्यापेक्षा, विषमता ही निसर्गदत्त नसून स्थळकाळानुसार बदलणारी मानवी रचना आहे, हे अमेरिकेने दाखविले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. मुंबईत जो अस्पृश्य होता तो न्यूयॉर्कला पोहोचताच अस्पृश्य राहिला नाही. त्याच्या देहात, बुद्धीत वा रक्तात काहीही बदल झालेला नव्हता. म्हणजे अस्पृश्यता त्याच्यात नव्हतीच. ती पाहणाऱ्यांच्या व्यवस्थेत होती. हा निष्कर्ष कोणत्याही ग्रंथाविना, केवळ प्रवासाने सिद्ध झाला.

८. परतीची कसोटी

१९१६ साली भीमराव न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून भारतात परतले. ग्रंथ आणि सामान वाहून आणणारी आगबोट महायुद्धात बुडविली गेली. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, परंतु शहरात राहावयास जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश शक्य नव्हता. म्हणून नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना गाठले आणि जागा सोडण्यास भाग पाडले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या अपूर्ण आत्मपर टिपणांत हा प्रसंग आला आहे. ही टिपणे १९९० साली पुस्तिकारूपाने आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या लेखनसंग्रहाच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झाली. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरून कोठे जावे हा प्रश्न पडला तेव्हा ती पुन्हा जागी झाली, असे आंबेडकरांनी त्यात सूचित केले आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यतेची कल्पना यावी म्हणून ही टिपणे लिहिलेली आहेत, हेही लक्षणीय होय. दलित आत्मकथनांच्या अभ्यासात या लेखनाला पूर्वसूरीचे स्थान द्यावे लागते. दलित आत्मकथनांत वेदनेचे चित्रण आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु वेदना वेदना म्हणून ओळखू येण्यासाठी तिच्या अभावाचा अनुभव कोठेतरी यावा लागतो. आंबेडकरांना तो हार्टली हॉल आणि कॉस्मॉपॉलिटन क्लब येथे आला. बडोद्याचे अकरा दिवस असह्य झाले, कारण न्यूयॉर्कचे पहिले आठवडे त्यांच्या आधी घडून गेले होते.

येथेच आनंदीबाईंच्या परंपरेशी असलेले अंतर पूर्ण होते. उच्चवर्णीय विद्यार्थी परत आला म्हणजे जात त्याला शुद्धीची अट घालून पुन्हा आत घेऊ शकत असे. भीमरावांसाठी असे कोणतेही प्रायश्चित्त उपलब्ध नव्हते. कारण त्यांनी काही गमावलेलेच नव्हते आणि परत मिळविण्यासारखेही काही नव्हते. व्यवस्थेत पुनःप्रवेश हा त्यांच्यापुढील मार्गच नव्हता. व्यवस्था बदलणे हा एकच मार्ग उरत होता.

९. अपवादाकडून नियमाकडे

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि तीत तरुण आंबेडकरांचे नेतृत्व विदर्भाने प्रथम जवळून पाहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला रवाना झाले. कोलंबियाची पीएच. डी. पदवी १९२७ साली रीतसर मिळाली. १९३० साली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी तेथील सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन या अध्यापकांचा कृतज्ञतेने उल्लेख केला.

जुलै १९४२ मध्ये नागपुरातील परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात दाखल झाले. त्यानंतर थोड्याच अवधीत त्यांनी सरकारला जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी अध्ययनासाठी शिष्यवृत्त्या देण्याची मागणी होती. एका संस्थानिकाच्या औदार्याने आपल्याला जे मिळाले ते इतरांना हक्काने आणि नियमाने मिळावे, हा तिचा गाभा होय. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, ही त्याच विचाराची पुढची पावले होत. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

या जीवनपटात जुलै ते सप्टेंबर १९१३ हे आठवडे लहान आहेत. त्या काळात कोणतीही पदवी मिळाली नाही, कोणता ग्रंथ लिहिला गेला नाही, कोणतीही परिषद भरली नाही. एक विद्यार्थी तीन ठिकाणी राहिला, नव्या अन्नाशी जुळवून घेऊ लागला, रस्त्यांवरून हिंडला आणि त्याने एक पत्र लिहिले. तथापि माणसाने माणसाशेजारी कसे बसावे याचा वस्तुपाठ त्याला याच काळात मिळाला. बंधुभावाविना समता आणि स्वातंत्र्य टिकत नाही, या त्याच्या पुढील प्रतिपादनामागे या वस्तुपाठाचे बळ आहे. चरित्रलेखनाने पराक्रमाच्या घटनांबरोबर अशा निरुद्योगी वाटणाऱ्या दिवसांचाही विचार केला, तर थोर पुरुषांच्या विचारांची मुळे केवळ ग्रंथसूचीत न शोधता त्यांच्या जेवणाच्या ताटापाशी आणि राहत्या खोलीपाशी शोधता येतील. आंबेडकरांच्या बाबतीत तरी असा शोध अगत्याचा आहे. कारण ज्या व्यवस्थेशी त्यांचा लढा होता, तिचे सामर्थ्य ग्रंथांइतकेच ताटावर आणि उंबऱ्यावर वसलेले होते.